पोमेरेनियन की इंडियन स्पिट्झ? अस्सल जातीचा छोटा कुत्रा अंगलक्षणांवरून कसा ओळखावा

पुण्या-मुंबईपासून नागपूर-कोल्हापूरपर्यंतच्या मराठी घरांत ज्या पांढऱ्याशुभ्र, झुबकेदार शेपटीच्या कुत्र्याला वर्षानुवर्षे सरसकट ‘पामेरियन’ म्हटले जाते, तो बहुतेक वेळा पोमेरेनियन नसून इंडियन स्पिट्झ असतो. हा कुत्रा गुणी आहे, आपल्या हवेत रुळलेला आहे आणि तो पाळण्यात कमीपणा मुळीच नाही. अडचण होते ती पोमेरेनियनची किंमत मोजून स्पिट्झचे किंवा दोन-तीन जातींच्या मिश्रणाचे पिल्लू घरी येते तेव्हा. मांडीवर मावेल म्हणून आणलेले पिल्लू वर्षभरात सात किलोंचे झाले की त्याच्या खाण्याचा, जागेचा आणि फिरवण्याचा सगळा हिशेब बदलतो आणि त्याची शिक्षा काही घरांत त्या निरपराध जिवालाच भोगावी लागते. म्हणून पिल्लू ठरवण्याआधी काय पाहावे आणि कोणत्या क्रमाने पाहावे, हे नवख्या माणसाला नीट समजले पाहिजे.

एक गोष्ट आधीच पक्की धरावी. नवखा माणूस सर्वांत आधी केस आणि रंग पाहतो आणि फसवणूक सर्वांत सोपी असते तीही तिथेच. केस ऋतूनुसार, वयानुसार आणि बाळंतपणानंतर बदलतात. हाडांची ठेवण बदलत नाही. त्यामुळे उंची, डोक्याचे प्रमाण, कान आणि शेपटीचा उगम या गोष्टी आधी पाहाव्यात आणि केसांकडे नंतर वळावे.

दोन्ही कुत्री सारखी का दिसतात

पोमेरेनिया हा बाल्टिक समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावरचा प्रदेश आज पोलंड आणि जर्मनी या दोन देशांत विभागलेला आहे. तिथल्या स्पिट्झ कुळातली कुत्री इंग्लंडमध्ये पोहोचली तेव्हा ती आजच्या पोमेरेनियनपेक्षा बरीच मोठी होती. १८८८ मध्ये राणी व्हिक्टोरिया इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरी गेली असताना तिने मार्को नावाचा एक लहान चणीचा पोमेरेनियन घेतला. त्याचे वजन सुमारे साडेपाच किलो होते, म्हणजे आजच्या मापाने तो मोठाच ठरेल. पण त्या काळी तो लहान मानला गेला आणि राणीच्या आवडीमुळे लहान आकाराचीच चलती सुरू झाली. पुढच्या काही दशकांत निवडून पैदास करत हा कुत्रा आणखी लहान होत गेला.

इंग्रजी अमदानीत भारतात आलेल्या स्पिट्झ कुत्र्यांची वाट वेगळी झाली. येथल्या उष्ण हवेत जी तगली, त्यांच्यापासून आजचा इंडियन स्पिट्झ घडला. त्याचे दोन आकार आढळतात: धाकटा साधारण पाच ते सात किलोंचा, तर थोरला बारा ते वीस किलोंपर्यंत जाणारा. विदेशी कुत्र्यांच्या आयातीवर निर्बंध होते त्या काळात, म्हणजे १९८० आणि १९९० च्या दशकांत, तोच घरोघर गेला आणि पामेरियन हे नाव त्यालाच चिकटले. कूळ एकच असल्याने टोकदार कान, कोल्ह्यासारखा चेहरा आणि पाठीवर वळलेली शेपटी दोघांनाही असते. फरक आहे तो प्रमाणांत, आणि प्रमाणे नुसत्या नजरेने न ठरवता मोजावी लागतात.

पहिली पायरी: उंची आणि वजन

एफसीआय या श्वानजातींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या निकषांत जर्मन स्पिट्झ ही जात ९७ व्या क्रमांकावर आहे आणि आकारानुसार तिचे पाच प्रकार आहेत. त्यांतला सर्वांत मोठा तो वुल्फस्पिट्झ आणि सर्वांत लहान तो पोमेरेनियन. पूर्ण वाढलेल्या पोमेरेनियनची उंची २१ सेंटिमीटर असावी, त्यात ३ सेंटिमीटर इकडे-तिकडे चालते. म्हणजे १८ ते २४ सेंटिमीटर ही मर्यादा झाली. अमेरिकेतल्या केनेल क्लबचे निकष वजनावर बेतलेले आहेत आणि ते तीन ते सात पौंड, म्हणजे साधारण १.४ ते ३.२ किलो इतके वजन सांगतात.

उंची मोजताना डोक्यापर्यंत मोजायची नसते. मान जिथे खांद्यांना मिळते, तिथला उंचवटा बोटांनी चाचपडून शोधावा, केस दोन्ही बाजूंना सारावेत आणि त्या उंचवट्यावर एक पट्टी आडवी धरून तिथून जमिनीपर्यंतचे अंतर घ्यावे. गुळगुळीत लादीवर कुत्रा पाय फाकवून उभा राहतो आणि माप कमी येते, म्हणून खाली एखादी सतरंजी घालावी. हीच मोजणी केस न सारता केली तर दाट केसांमुळे दोन-तीन सेंटिमीटरची चूक सहज होते. वजनासाठी आधी कुत्र्याला कडेवर घेऊन काट्यावर उभे राहावे, मग एकट्याने उभे राहावे आणि वजाबाकी करावी. पिल्लासाठी मात्र स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा काटाच बरा.

नोंदणीकृत, अस्सल आई-वडिलांचे पिल्लूही कधी कधी चार किलोंच्या पुढे जाते, कारण मोठ्या पूर्वजांचे गुण अधूनमधून डोके वर काढतात. असा कुत्रा प्रदर्शनात मागे पडेल, पण तो अशुद्ध ठरत नाही. उलट, दोन किलोंचा कुत्रा चिवावा या अतिलहान जातीशी संकर झालेलाही असू शकतो. त्यामुळे आकार हा पहिला निकष असला तरी एकट्या आकारावरून निकाल देऊ नये.

याच संदर्भात ‘कल्चर पॉम’, ‘टॉय पॉम’, ‘टीकप पॉम’ या बाजारातल्या शब्दांविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. निकषांत अशी कोणतीही उपजात नाही. इंडियन स्पिट्झलाच पॉम म्हणण्याची सवय पडल्यावर खऱ्या पोमेरेनियनला वेगळे दाखवण्यासाठी विक्रेत्यांनी ‘कल्चर’ हा शब्द वापरात आणला, पण आता तो कोणत्याही पिल्लाला लावला जातो. ‘टीकप’ म्हणून दाखवलेले पिल्लू पुष्कळदा वेळेआधी आईपासून तोडलेले किंवा पोसले न गेलेले असते. अतिलहान पिल्लांच्या रक्तातली साखर पटकन खाली येते आणि डोक्यावरच्या टाळूच्या हाडांतली फट तशीच राहण्याचा धोकाही त्यांच्यात अधिक असतो. मोठ्या झालेल्या कुत्र्याच्या डोक्यावर बोट फिरवताना टाळू मऊ लागली, तर तो एफसीआयच्या निकषांनुसार बाद करण्याजोगा दोष आहे.

दुसरी पायरी: डोके, डोळे, कान

अस्सलपणाची खरी परीक्षा डोक्यात आहे. नाकाच्या शेंड्यापासून दोन डोळ्यांच्या मधल्या खळगीपर्यंत एक अंतर घ्यावे आणि त्या खळगीपासून डोक्यामागच्या उंच हाडापर्यंत दुसरे. पोमेरेनियनमध्ये पहिले अंतर दुसऱ्याच्या साधारण निम्मे असते, म्हणजे संपूर्ण डोक्याच्या लांबीत मुस्कटाचा वाटा एक तृतीयांश भरतो. इंडियन स्पिट्झचे मुस्कट याहून लांब आणि निमुळते असते, कपाळ आणि मुस्कट यांमधली खळगी उथळ असते आणि बाजूने पाहिल्यावर चेहरा अधिक लांबट दिसतो. कुत्रा शांत असेल तर हे माप दोरीने घेता येते. चुळबुळ करत असेल तर बाजूने, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून, एक छायाचित्र काढावे आणि पडद्यावर मोजावे.

मुस्कट फारच आखूड आणि चेहरा चपटा असेल तर विक्रेते त्याला ‘टेडी फेस’ म्हणून जास्त भाव सांगतात. या चेहऱ्याची हौस वाढली आहे हे खरे, परंतु जबडा जितका आखूड, तितकी दातांना जागा कमी आणि श्वास घेण्याचा त्रास अधिक. निकषांत सांगितलेला चेहरा कोल्ह्याचा आहे. नवख्याने चपट्या चेहऱ्याच्या मागे लागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

डोळे मध्यम आकाराचे, बदामी, किंचित तिरके आणि गडद असावेत. पापण्यांच्या कडा काळ्या, आणि तपकिरी कुत्र्यात गडद तपकिरी. मोठे, गोल, बाहेर आल्यासारखे डोळे आणि एकमेकांपासून दूर असलेले मोठे कान एकत्र दिसले की चिवावाचा संबंध तपासावा. पोमेरेनियनचे कान लहान, त्रिकोणी, डोक्याच्या वरच्या बाजूला जवळजवळ लावलेले आणि ताठ असतात. पुष्कळदा ते आयाळीत अर्धे बुडालेले दिसतात. इंडियन स्पिट्झचे कान डोक्याच्या मानाने मोठे असल्यामुळे केसांतून चटकन वर उठून दिसतात. पूर्ण वाढलेल्या कुत्र्याचा कान टोकाशी दुमडलेला असेल तर तो दोष धरतात. दोन महिन्यांच्या पिल्लाला मात्र ही कसोटी लावू नये, कारण काही पिल्लांचे कान दात बदलण्याच्या दिवसांत पुन्हा पडतात आणि नंतर उभे राहतात.

नाक लहान, गोल आणि काळेभोर असते. तपकिरी कुत्र्यात ते तपकिरी असते. ओठ उचलून दात पाहावेत. वरचे पटाशीचे दात खालच्यांना कात्रीच्या पात्यांसारखे अगदी लगटून पुढून झाकतात, ही योग्य ठेवण होय. पोमेरेनियनमध्ये एखाद-दुसरी पुढची दाढ नसणे चालवून घेतले जाते. लहान जातींत दुधाचे सुळे न पडता त्यांच्या शेजारीच पक्के सुळे येण्याची खोडही आहे. त्यावरून जात ओळखता येत नाही, पण पशुवैद्याला दाखवावे लागते.

तिसरी पायरी: अंगयष्टी, पाय आणि शेपटी

बाजूने पाहिल्यावर पोमेरेनियनचे अंग चौरस दिसले पाहिजे, म्हणजे छातीच्या पुढच्या हाडापासून पार्श्वभागापर्यंतची लांबी खांद्यापर्यंतच्या उंचीइतकीच असावी. पाठ आखूड आणि सपाट असावी. अंग लांबट आणि पाय आखूड असतील तर ल्हासा अप्सो किंवा शिह त्झू या लांब केसांच्या छोट्या जातींचे मिश्रण असण्याची शक्यता वाढते. पाय उंच, सडसडीत आणि अंग हलके असेल तर इंडियन स्पिट्झकडे कल आहे असे समजावे. पंजे लहान, गोल आणि मांजरासारखे बंद असतात.

शेपटीचे टोक पाहण्याआधी तिचा उगम पाहावा. पोमेरेनियनची शेपटी पाठीच्या रेषेवर उंचावरून निघते, मुळापासूनच वर वळते आणि पाठीवर येऊन टेकते. तिचे केस इतके लांब असतात की मागे झुकलेली मान आणि पुढे आलेली शेपटी यांच्यामध्ये पाठ जेमतेम दिसते. विळ्यासारखी हवेत उभी राहणारी किंवा खालून निघून मग वर वळणारी शेपटी असेल, तर तिचा मेळ बाकीच्या लक्षणांशी बसतो का, हे पडताळावे.

याच वेळी मागचे पाय हाताळून पाहावेत. गुडघ्याची वाटी जागेवरून सरकण्याचा विकार पोमेरेनियनमध्ये बराच आढळतो. चालता चालता कुत्रा मध्येच एक मागचा पाय उचलून दोन-चार पावले लंगडी घालत असेल, तर ते कौतुकाने पाहू नये. तपासणी करून घ्यावी.

चौथी पायरी: केस आणि रंग

आता केस. पोमेरेनियनला केसांचे दोन थर असतात: आत आखूड, दाट, लोकरीसारखी लव आणि तिच्यावर लांब, सरळ, उभे राहणारे केस. खांद्यावरचे केस दोन्ही अंगठ्यांनी विंचरल्यासारखे दूर करून पाहिले, तर त्वचा सहजासहजी दिसत नाही. मध्ये ती दाट लव आडवी येते आणि तिचा रंग बहुधा वरच्या केसांपेक्षा फिका असतो. मग तळहाताने केस दाबावेत आणि सोडावेत. अस्सल केस पुन्हा उभे राहतात. ते दाबल्या जागी पडून राहिले, पाठीवर मधोमध भांग पडत असेल, किंवा केस रेशमी आणि लाटांसारखे असतील, तर दुसऱ्या जातीचा अंश असण्याची शंका घ्यावी. इंडियन स्पिट्झलाही दोन थर असतात, मात्र आतली लव विरळ असते आणि आपल्या उकाड्यात त्याला तेच सोयीचे पडते.

केस कुठे आखूड आहेत हेही तितकेच बोलके असते. पोमेरेनियनचा चेहरा, कान, पायांची पुढची बाजू आणि पंजे यांवरचे केस आखूड आणि मखमली असतात. लांब केस मानेभोवती आयाळीसारखे, मांड्यांच्या मागे आणि शेपटीवर असतात. मुस्कटावर दाढी-मिशा वाढत असतील किंवा डोळ्यांवर झुलपे येत असतील, तर पूर्वजांत ल्हासा अप्सो किंवा शिह त्झू असल्याची ती जवळजवळ कबुलीच होय.

येथे नवख्यांची दोन ठिकाणी गफलत होते. चार ते आठ महिन्यांच्या दरम्यान पिल्लाचे मऊ केस गळून पक्के केस येऊ लागतात आणि त्या काळात देखणे पिल्लूसुद्धा हडकुळे, विरळ केसांचे आणि लांब पायांचे दिसते. या वयात ‘हा पॉम नाहीच’ असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरते. दुसरे म्हणजे व्यायल्यानंतर दीड-दोन महिन्यांत मादीचे केस भराभर गळतात. पिल्ले पाहायला आपण नेमके त्याच सुमारास जातो आणि त्यांची आई पाहून निराश होतो. तिच्या केसांकडे दुर्लक्ष करावे आणि तिचे डोके, कान, उंची आणि शेपटीचा उगम पाहावा. केस गळल्यामुळे तिची ठेवण उलट अधिक स्पष्ट दिसते.

रंगाबाबत थोडक्यात सांगता येते. काळा, तपकिरी, पांढरा, नारिंगी, करडी झाक असलेला, क्रीम, सेबल (केसांची टोके काळी असलेला), काळा-बदामी आणि पांढऱ्यावर ठिपके असे अनेक रंग मान्य आहेत. इंडियन स्पिट्झ बहुतांशी पांढरा असतो, म्हणून पांढरे पिल्लू दिसले की बाकीची मापे अधिक काळजीने घ्यावीत. नारिंगी कुत्र्यांची पिल्ले लहानपणी काळपट असू शकतात आणि वाढता वाढता त्यांचा रंग उजळतो. निळसर-करड्यावर गडद डाग असलेला ‘मर्ल’ रंग दुर्मीळ म्हणून महाग विकला जातो. एफसीआयच्या निकषांत त्याला जागा नाही, आणि दोन मर्ल कुत्र्यांच्या मीलनातून बहिरी किंवा आंधळी पिल्ले जन्मण्याचा धोका असतो.

पाचवी पायरी: पिल्लू असेल तर आई-वडील पाहावेत

दोन महिन्यांच्या पिल्लात वरची बहुतेक लक्षणे अर्धवट असतात. लहान वयात पोमेरेनियन, स्पिट्झ आणि त्यांचे संकर इतके सारखे दिसतात की जाणकारही नुसत्या पिल्लावरून पैज लावणार नाही. अशा वेळी आई प्रत्यक्ष पाहण्याचा आग्रह धरावा. वडील अनेकदा दुसऱ्याच्या मालकीचे असतात; त्यांचे छायाचित्र आणि नोंदणी क्रमांक मागावा. ‘आई गावाला आहे’ अशी उत्तरे मिळू लागली की व्यवहार तिथेच थांबवावा.

वजनाचा थोडा उपयोग पिल्लातही होतो. दोन महिन्यांचे पिल्लू दीड किलोच्या पुढे गेलेले असेल, तर मोठेपणी ते तीन किलोंच्या आत राहण्याची आशा फारशी धरू नये. अर्थात त्यासाठी सांगितलेले वय खरे असायला हवे. आपल्याकडे जाहिरातींत ‘४५ दिवसांचे पिल्लू’ असे सर्रास लिहिलेले असते, प्रत्यक्षात २०१७ च्या श्वान-प्रजनन व विक्रीविषयक केंद्रीय नियमांनुसार दोन महिन्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही आणि पैदास करणाऱ्याने राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असावी लागते. नोंदणीचा दाखला पाहण्यात संकोच करू नये. वयाचा अंदाज दातांवरून घेता येतो: दुधाचे एकूण २८ दात असतात, आणि लहान जातींत ते थोडे उशिरा येत असले तरी पटाशीचे दातच नुकते फुटत असतील तर पिल्लू सांगितल्यापेक्षा बरेच लहान आहे. नर पिल्लू असेल तर दोन्ही वृषणे खाली उतरली आहेत का, हे पशुवैद्याकडून पाहून घ्यावे.

सहावी पायरी: कागद आणि मायक्रोचिप

अंगलक्षणांवरून निघतो तो अंदाज. शुद्धतेचा पुरावा वंशावळीच्या नोंदीत असतो. भारतात ही नोंद केनेल क्लब ऑफ इंडिया ठेवतो. १८९६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे कार्यालय चेन्नईत आहे आणि ती एफसीआयशी संलग्न आहे. तिच्या प्रमाणपत्रावर कुत्र्याचे नोंदणीतले नाव, जन्मतारीख, रंग, आई-वडील आणि त्यांच्या मागच्या पिढ्या, पैदास करणाऱ्याचे नाव आणि मायक्रोचिपचा क्रमांक या गोष्टी असतात.

‘कागद असलेले पिल्लू’ म्हणून जास्त पैसे घेतले जातात आणि हाती लागतो भलत्याच कुत्र्याचा कागद, असेही होते. त्याला आळा घालणारी चाचणी अगदी साधी आहे. मायक्रोचिप तांदळाच्या दाण्याएवढी असते आणि दोन खांद्यांच्या मध्ये त्वचेखाली टोचलेली असते. पशुवैद्याकडचे वाचकयंत्र तिथे फिरवले की १५ आकडी क्रमांक दिसतो. हा क्रमांक प्रमाणपत्रावरच्या क्रमांकाशी आकड्याला आकडा लावून जुळवावा. त्यानंतर कागदावरचा रंग, लिंग आणि जन्मतारीख समोरच्या पिल्लाशी ताडून पाहावी. प्रमाणपत्र अजून आलेले नसेल तर एकत्र जन्मलेल्या पिल्लांच्या नोंदणीची पावती मागावी आणि मालकी आपल्या नावावर करून देण्याची जबाबदारी कोणाची, हे पैसे देण्याआधी लेखी घ्यावे. कागद नसलेले पिल्लू अशुद्धच असते असे नाही, मात्र त्याला शुद्ध जातीचा भाव देण्याचे काही कारण उरत नाही.

पूर्ण रक्कम देण्याआधी पिल्लाला आपल्या ओळखीच्या पशुवैद्याकडे नेण्याची सवलत मागावी. तिथे एकाच भेटीत चिप वाचून होते, टाळू, गुडघे, हृदय आणि दात तपासले जातात, लसीकरणाच्या वहीतल्या तारखा सांगितलेल्या वयाशी जुळतात का हे कळते, आणि पुढच्या लशीची तारीखही ठरवून घेता येते.